ऑक्टेव्ह शनूट

ऑक्टेव्ह शनूट (१८ फेब्रुवारी, १८३२:पॅरिस, फ्रान्स – २३ नोव्हेंबर, १९१०:शिकागो, इलिनॉय, अमेरिका) हे फ्रान्समध्ये जन्मलेले अमेरिकन स्थापत्य अभियंता आणि उड्डाणविद्येचे आद्य अभ्यासक होते. कॅन्सस सिटी येथील मिसूरी नदीवरचा पहिला पूल, न्यू यॉर्क राज्यातील जेनेसी नदीच्या घळईवर १८७५ साली उभा राहिलेला पोर्टेजचा लोखंडी रेल्वेपूल आणि पेनसिल्व्हेनियातील किन्झुआ दरीवरचा १८८२ सालचा पूल ही त्यांच्या कारकिर्दीशी निगडित असलेली प्रमुख बांधकामे होत. रेल्वेपुलांच्या कामात सरावाची झालेली कैचीची, म्हणजेच ट्रसची, रचना त्यांनी १८९६ मध्ये द्विपंखी ग्लायडरच्या पंखांसाठी वापरली. पुढे राइट बंधूंच्या ग्लायडरांची आणि विमानाची पंखरचना याच पायावर उभी राहिली. उड्डाणासंबंधीचे जगभरातील ज्ञान गोळा करणे आणि ते सर्वांना खुले करून देणे हे शनूट यांनी आपल्या उत्तरायुष्याचे कार्य मानले. या भूमिकेमुळे उड्डाणविद्येला गती मिळाली आणि अखेरच्या वर्षात राइट बंधूंशी असलेल्या त्यांच्या स्नेहाला तडाही गेला.

बालपण आणि स्थलांतर

ऑक्टेव्ह यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव शानू असे होते. वडील जोसेफ हे इतिहासाचे अध्यापक होते. लुइझियाना राज्यातील जेफरसन कॉलेजात त्यांना पद मिळाल्यामुळे १८३८ मध्ये सहा वर्षांच्या ऑक्टेव्हला घेऊन ते अमेरिकेत आले. काही वर्षांनी पितापुत्र न्यू यॉर्कला स्थायिक झाले. ऑक्टेव्ह यांचे शिक्षण खाजगी रीतीने झाले. घरात फ्रेंच आणि बाहेर इंग्लिश असे दोन भाषांचे वातावरण त्यांना लहानपणापासून लाभले. पुढे युरोपातील संशोधकांचे लेखन वाचताना आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार करताना हा वारसा त्यांच्या कामी आला. १८५४ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. आपल्या आडनावाचा उच्चार अमेरिकन लोकांना नीट करता यावा, म्हणून त्यांनी त्याच्या अखेरीस एक अक्षर जोडून घेतले आणि 'शनूट' हे रूप रूढ झाले.

रेल्वेतील उमेदवारी

शनूट यांनी अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. त्या काळी अमेरिकेत असे शिक्षण देणाऱ्या संस्था मोजक्याच होत्या आणि बहुतेक अभियंते प्रत्यक्ष कामावरच तयार होत. १८४९ मध्ये हडसन नदीच्या काठाने लोहमार्ग टाकण्याचे काम चालू होते. वयाच्या सतराव्या वर्षी शनूट तेथे काम मागण्यास गेले. जागा रिकामी नसल्याचे कळल्यावर त्यांनी पगाराविना काम करण्याची तयारी दाखविली. मोजणीची साखळी धरणाऱ्या मदतनिसाच्या कामापासून त्यांची सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत त्यांना पगार मिळू लागला आणि पाठोपाठ बढतीही मिळाली.

१८५३ मध्ये ते इलिनॉय राज्यात गेले. त्या भागात लोहमार्गांचे जाळे वेगाने पसरत होते. १८५७ मध्ये पिओरिया येथील ॲनी रिडेल जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८६३ पासून चार वर्षे ते शिकागो अँड ऑल्टन रेल्वेचे मुख्य अभियंता होते. शिकागोतील विखुरलेले गुरांचे बाजार एकत्र करून एकच मोठा बाजार बांधण्याचे ठरले, तेव्हा मागविलेल्या आराखड्यांतून शनूट यांचा आराखडा निवडला गेला. युनियन स्टॉकयार्ड्स या नावाने प्रसिद्ध असलेला हा बाजार डिसेंबर १८६५ मध्ये सुरू झाला.

मिसूरी नदीवरील पूल

१८६७ मध्ये शनूट यांच्याकडे कॅन्सस सिटी येथे मिसूरी नदीवर रेल्वेपूल बांधण्याचे काम आले. तोपर्यंत मिसूरी नदीवर एकही पूल झालेला नव्हता. नदीचा प्रवाह वेगवान होता, तळाची वाळू सतत सरकत असे आणि हिवाळ्यात बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहत येत. अशा नदीत खांबांचे पाये खडकापर्यंत नेणे हाच खरा कसोटीचा भाग होता. पुरामुळे खांबांभोवतीची वाळू किती खोलवर खरवडली जाते, याच्या नोंदी ठेवत शनूट यांनी प्रत्येक खांबासाठी तेथील परिस्थितीला अनुरूप अशी वेगळी पद्धत योजली. बोटींना वाट मिळावी यासाठी पुलाचा एक गाळा आडवा फिरणारा केला होता. हॅनिबल पूल या नावाने ओळखला जाणारा हा पूल ३ जुलै, १८६९ रोजी खुला झाला. या पुलामुळे पश्चिमेकडील गुरांचा आणि धान्याचा व्यापार कॅन्सस सिटीकडे वळला. प्रतिस्पर्धी असलेली शेजारची नदीकाठची गावे मागे पडली आणि कॅन्सस सिटीचे महानगर झाले.

या कामावर जॉर्ज मॉरिसन नावाचा तरुण शनूट यांचा साहाय्यक होता. मॉरिसन यांचे शिक्षण कायद्याचे होते. वकिली सोडून ते अभियंता होण्यासाठी आले होते आणि पूलबांधणीचे पहिले धडे त्यांनी शनूट यांच्या हाताखाली गिरविले. काम संपल्यावर दोघांनी मिळून या पुलाच्या बांधणीवर एक ग्रंथ लिहिला. तो १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. आलेल्या अडचणी आणि त्यांवर योजलेले उपाय त्यात तपशिलाने दिलेले आहेत. एखादे अवघड काम पूर्ण झाले की त्याची हकिकत इतर अभियंत्यांसाठी लिहून ठेवावी, ही शनूट यांची आयुष्यभराची रीत होती.

जेनेसीच्या घळईवरील पूल

१८७३ मध्ये शनूट हे ईरी रेल्वेचे मुख्य अभियंता झाले. न्यू यॉर्क शहरापासून पश्चिमेकडील मोठ्या सरोवरांच्या प्रदेशाकडे जाणाऱ्या या रेल्वेचे रूळ इतर रेल्वेंपेक्षा रुंद, सहा फूट अंतराचे होते. त्यामुळे डब्यांची अदलाबदल करता येत नसे. मार्ग दुहेरी करणे आणि रुळांचे अंतर प्रमाण मापावर आणणे ही कामे शनूट यांच्याकडे आली. मापबदलाचे काम १८८० मध्ये पूर्णत्वास गेले.

ईरी रेल्वेचा बफेलोकडे जाणारा फाटा पोर्टेज येथे जेनेसी नदी ओलांडत असे. येथे नदी उंच कड्यांमधून वाहते आणि एकापाठोपाठ एक अशा धबधब्यांवरून खाली उतरते. वरच्या धबधब्याच्या माथ्याजवळ १८५२ मध्ये बांधलेला लाकडी पूल सुमारे ८०० फूट लांब आणि २३४ फूट उंच होता. जगातील सर्वांत मोठा लाकडी पूल अशी त्याची ख्याती होती व तो पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येत. इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचा धोका लक्षात घेऊन पुलावर पहारेकरी नेमलेले असत. तरीही ६ मे, १८७५ रोजी पहाटे या पुलाला आग लागली आणि काही तासांत सारा पूल घळईत कोसळला.

पूल गेल्याने फाट्यावरची वाहतूक तुटली. नवा पूल लोखंडाचाच असावा आणि तो शक्य तितक्या लवकर उभा राहावा, असा निर्णय झाला. मुख्य अभियंता या नात्याने कामाची जबाबदारी शनूट यांच्यावर होती. कॅन्सस सिटीहून त्यांच्याबरोबर ईरी रेल्वेत आलेल्या मॉरिसन यांनी पुलाचा आराखडा तयार केला. लोखंडी मनोऱ्यांवर कैच्यांचे तेरा गाळे ठेवायचे आणि कैच्यांच्या माथ्यावरून रूळ न्यायचे, अशी ही रचना होती. त्यांपैकी दहा गाळे ५० फुटांचे, दोन १०० फुटांचे आणि एक ११८ फुटांचा, अशी एकूण लांबी ८१८ फूट होती. सुटे भाग कारखान्यात तयार करून घळईवर जोडण्यात आले. ३१ जुलै, १८७५ रोजी, म्हणजे आगीनंतर ८६ दिवसांनी, नव्या पुलावरून गाडी गेली.

कैचीच्या रचनेमुळेच एवढ्या थोड्या काळात पूल होणे शक्य झाले. कैची ही सरळ दांड्यांची चौकट असते. दांडे त्रिकोणांत जोडलेले असल्याने चौकटीचा आकार बदलत नाही. भार पडला की काही दांडे दाबले जातात आणि काही ताणले जातात. दाब सोसणारे दांडे जाड ठेवावे लागतात, तर ताण सोसणारे बारीक असले तरी चालतात. यामुळे थोड्या धातूत मोठे अंतर ओलांडता येते आणि प्रत्येक दांड्यावरील भार कागदावर आधीच काढता येतो. थॉमस आणि कॅलेब प्रॅट या पितापुत्रांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या कैचीत उभे दांडे दाब सोसतात आणि तिरपे दांडे ताण सोसतात. अमेरिकन रेल्वेंवर ही रचना सर्वत्र प्रचलित होती. वीस वर्षांनंतर शनूट यांनी हीच प्रॅट कैची ग्लायडरसाठी निवडली.

पोर्टेजच्या पुलाचे गाळे १९०३ मध्ये अधिक भक्कम करण्यात आले. पुलाखालचा घळईचा प्रदेश विल्यम लेचवर्थ यांनी न्यू यॉर्क राज्याला दिला आणि तेथे त्यांच्या नावाचे राज्य उद्यान झाले. धबधबा आणि त्यावरून जाणारी गाडी हे दृश्य या उद्यानाची ओळख बनले. आधुनिक मालगाड्यांचे वजन जुन्या पुलाला पेलेनासे झाले, तेव्हा त्यावरून गाड्या अगदी संथ गतीने नेल्या जात. २०१७ मध्ये शेजारी पोलादी कमानीचा नवा पूल सुरू झाला आणि २०१८ मध्ये जुना पूल उतरविण्यात आला.

किन्झुआ दरीवरील पूल

पेनसिल्व्हेनियातील कोळसा आणि लाकूड उत्तरेकडे नेण्यासाठी ईरी रेल्वेशी संलग्न असलेल्या एका शाखेला किन्झुआ ओढ्याची खोल दरी ओलांडायची होती. दरीला वळसा घालायचा तर डोंगराळ मुलखातून अनेक मैलांचा मार्ग टाकावा लागला असता. शनूट आणि फिनिक्स कंपनीचे अभियंता अडॉल्फस बोन्झानो यांनी येथे लोखंडी मनोऱ्यांचा पूल योजला. सुमारे चाळीस कामगारांनी ९४ दिवसांत तो उभा केला. १८८२ मध्ये पूर्ण झालेला हा पूल ३०१ फूट उंच आणि २,०५३ फूट लांब होता. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह आयफेल यांचा गाराबीचा पूल होईपर्यंत तो जगातील सर्वांत उंच रेल्वेपूल होता. मनोऱ्यांचे खांब घडीव लोखंडाच्या पट्ट्या जोडून केलेल्या पोकळ नळ्यांचे होते. पोकळ खांब वजनाला हलके आणि दाबाला बळकट असतो. इतक्या उंचीवर गाडीच्या वजनाइतकाच वाऱ्याच्या आडव्या रेट्याचाही विचार करावा लागतो. वाऱ्याने पूल हलत असल्यामुळे त्यावरून गाड्या ताशी ५ मैलांच्या वेगाने नेल्या जात.

१९०० मध्ये हा पूल जुन्याच पायांवर पोलादात पुन्हा बांधण्यात आला. १९५९ मध्ये त्यावरील नियमित वाहतूक थांबली. २१ जुलै, २००३ रोजी आलेल्या चक्रीवादळात वीसपैकी अकरा मनोरे कोसळले. मनोऱ्यांना पायांशी बांधून ठेवणारे बोल्ट गंजून कमकुवत झाले होते, असे तपासणीत आढळून आले. उरलेल्या भागावर २०११ मध्ये पर्यटकांसाठी दरीवर टोक काढलेला पादचारी मार्ग खुला करण्यात आला.

लाकडाच्या टिकाऊपणाचे प्रयत्न

१८८३ मध्ये शनूट यांनी ईरी रेल्वेची नोकरी सोडली आणि सल्लागार म्हणून स्वतंत्र काम सुरू केले. १८९० च्या सुमारास ते शिकागोत स्थायिक झाले. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना कीड आणि कुज लागत असल्यामुळे ते थोड्या वर्षांतच बदलावे लागत आणि त्यासाठी जंगले तुटत. लाकडात रसायने मुरवून त्याचे आयुष्य वाढविण्याच्या पद्धतींचा शनूट यांनी अभ्यास केला आणि त्यासाठी कारखाने उभारले. कोणता स्लीपर कोणत्या वर्षी घातला हे कळावे, म्हणून त्यावर सालाचा आकडा असलेला खिळा ठोकण्याची युरोपातील पद्धत अमेरिकेत रूढ करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. या व्यवसायाने त्यांना आर्थिक स्थैर्य दिले आणि उड्डाणाच्या अभ्यासाला लागणारा पैसा व वेळही मिळवून दिला. १८९१ मध्ये ते अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल एंजिनिअर्स या संस्थेचे अध्यक्ष झाले.

उड्डाणविद्येचा अभ्यास

शनूट यांना उड्डाणाचे कुतूहल तरुणपणापासून होते. १८७५ मध्ये युरोपचा प्रवास करताना तेथील शास्त्रज्ञ या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. छपरे उडवून नेणारा आणि पुलांना हलविणारा वारा हा अभियंत्याच्या दृष्टीने शत्रू होता. त्याच वाऱ्यावर पक्षी विनासायास तरंगतात, याचा उलगडा त्यांना हवा होता. तथापि उडत्या यंत्राविषयी बोलणाऱ्या माणसाला लोक त्या काळी वेडा समजत. त्यामुळे व्यवसायातील प्रतिष्ठेला बाधा येऊ नये म्हणून त्यांनी हा अभ्यास बराच काळ खाजगी ठेवला.

१८८६ मध्ये बफेलो येथे भरलेल्या एका वैज्ञानिक परिषदेत त्यांनी पक्ष्यांच्या तरंगण्यावर एका निरीक्षकाचे व्याख्यान ठेवले. श्रोत्यांनी वक्त्याची थट्टा केली. परंतु खगोलशास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली हे त्या परिषदेतून उड्डाणाच्या संशोधनाची प्रेरणा घेऊन परतले. १८९० मध्ये शनूट यांनी कॉर्नेल विद्यापीठात या विषयावर स्वतः व्याख्यान दिले. १८९१ पासून रेल्वे अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकात त्यांची लेखमाला सुरू झाली. आजवर कोणी कोणती उडती यंत्रे बनविली आणि ती का फसली, याची त्यांनी एकेक करून चिकित्सा केली. हे लेख १८९४ मध्ये 'प्रोग्रेस इन फ्लाइंग मशीन्स' या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. विखुरलेली माहिती या ग्रंथामुळे प्रथमच एका ठिकाणी मिळाली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने अल्बर्ट झाम यांच्यासह त्यांनी उड्डाणविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली.

याच काळात जगभरच्या प्रयोगकर्त्यांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह, जर्मनीतील ऑटो लिलियेंथाल, इजिप्तमध्ये राहणारे फ्रेंच निरीक्षक लुई म्युलार अशी माणसे त्यांच्यामुळे एकमेकांच्या कामाशी परिचित झाली. म्युलार हे आर्थिक अडचणीत असताना शनूट यांनी त्यांना पैशांची मदत केली आणि १८९७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवून दिले.

मिशिगन सरोवराकाठचे प्रयोग

जून १८९६ मध्ये शनूट यांनी मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर, इंडियाना राज्यातील मिलर या ठिकाणच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबू ठोकले. त्यांचे वय तेव्हा ६४ वर्षांचे होते. ऑगस्टस हेरिंग, विल्यम एव्हरी आणि विल्यम बुटुसोव्ह हे त्यांचे सहकारी होते. निर्जन जागा निवडूनही वार्ताहरांनी त्यांना शोधून काढले. प्रथम लिलियेंथाल यांच्या पद्धतीचा ग्लायडर उडविण्यात आला. तो सांभाळणे कठीण आणि धोक्याचे असल्याचे दिसून आल्याने त्याचा नाद सोडण्यात आला. याच उन्हाळ्यात, १० ऑगस्ट रोजी, जर्मनीत ग्लायडरच्या अपघातात लिलियेंथाल यांचा मृत्यू झाला. अनेक पंखांचा आणि पंखांची जागा बदलता येणारा दुसरा ग्लायडर शनूट यांनी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिला. वाऱ्याचा झोत आला तर माणसाने शरीर हलविण्याऐवजी पंखांनीच आपोआप हलून तोल सावरावा, अशी त्यांची कल्पना होती.

ऑगस्ट आणि सप्टेंबरमधील दुसऱ्या शिबिरात हेरिंग यांच्या सहकार्याने तयार झालेला ग्लायडर सर्वांत यशस्वी ठरला. आरंभी त्याला एकावर एक तीन पंख होते. सर्वांत खालचा पंख काढल्यावर दोन उरले. हे दोन पंख एकमेकांशी जोडताना शनूट यांनी रेल्वेपुलाची प्रॅट कैची उपयोगात आणली. वरचा आणि खालचा पंख म्हणजे कैचीच्या दोन आडव्या बाजू झाल्या, लाकडाच्या बारीक काठ्या उभे दांडे झाल्या आणि पोलादी तारा तिरपे दांडे झाल्या. १६ फूट लांबीच्या पंखांवर वार्निश लावलेले रेशीम ताणून बसविले होते. सगळ्या यंत्राचे वजन सुमारे २३ पौंड भरले, तरीही माणसाचा भार ते सहज पेलत असे. या ग्लायडरने साडेतीनशे फुटांच्या आसपास मजल मारली. प्रयोगांचा वृत्तान्त शनूट यांनी आकृत्या आणि छायाचित्रांसह १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. तो वाचून कोणालाही तसाच ग्लायडर बांधता येणे शक्य होते.

राइट बंधूंशी स्नेह

ओहायो राज्यातील डेटन येथे सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या विल्बर राइट यांनी मे १९०० मध्ये शनूट यांना पहिले पत्र लिहिले. त्यांनी शनूट यांचा ग्रंथ वाचलेला होता. तेव्हापासून दहा वर्षे दोघांमध्ये शेकडो पत्रांची देवाणघेवाण झाली. शनूट वयाने पस्तीस वर्षांनी मोठे आणि देशातील नामांकित अभियंता होते. असे असूनही त्यांनी एका अपरिचित तरुणाच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरे दिली.

राइट बंधूंनी आपल्या ग्लायडरसाठी शनूट यांची दोन पंखांची कैची घेतली आणि तीत एक मूलगामी बदल केला. पंखांच्या लांबीच्या दिशेने त्यांनी कैची ताठ ठेवली, परंतु पुढच्या आणि मागच्या काठांमधील तिरप्या तारा काढून टाकल्या. त्यामुळे वैमानिकाला पंखांच्या टोकांना पीळ देता येऊ लागला आणि तोल हाती राखता आला. पुलाची कैची जराही वाकू नये यासाठी असते. राइट बंधूंच्या पंखांत ती एका दिशेने ताठ आणि दुसऱ्या दिशेने लवचिक झाली. यंत्राने आपोआप तोल सावरावा, या शनूट यांच्या मतापासून राइट बंधू येथे वेगळे झाले.

१९०१, १९०२ आणि १९०३ या तिन्ही वर्षी शनूट यांनी नॉर्थ कॅरोलिनातील किटी हॉक येथील त्यांच्या तळाला भेट दिली. १९०१ मध्ये प्रयोग मनासारखे न झाल्याने बंधू खचले होते. शनूट तेव्हा शिकागोतील वेस्टर्न सोसायटी ऑफ एंजिनिअर्सचे अध्यक्ष होते. १८ सप्टेंबर, १९०१ रोजी त्यांनी विल्बर यांना या संस्थेपुढे भाषण करण्यास बोलावले. या निमित्ताने आपली आकडेवारी पुन्हा तपासताना उपलब्ध कोष्टकांविषयी बंधूंना शंका आली आणि त्यांनी स्वतःच्या वातबोगद्यात नवी मोजमापे घेतली. १९०२ मध्ये शनूट यांनी स्वतःचे काही ग्लायडर किटी हॉकला आणले, पण ते यशस्वी झाले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले होते. नोव्हेंबर १९०३ मध्ये ते पुन्हा तेथे गेले. परंतु कडाक्याची थंडी आणि यंत्रातील बिघाडांमुळे होणारा विलंब यांमुळे ते लवकर परतले. १७ डिसेंबर रोजी झालेले पहिले इंजिनयुक्त उड्डाण पाहण्याची संधी त्यांना लाभली नाही.

मतभेद

एप्रिल १९०३ मध्ये शनूट यांनी पॅरिस येथे फ्रान्सच्या एरो क्लबपुढे व्याख्यान दिले आणि अमेरिकेतील ग्लायडरांच्या प्रयोगांचे वर्णन केले. या व्याख्यानामुळे फ्रान्समध्ये ग्लायडरांविषयीची आस्था पुन्हा जागी झाली. त्यातून एक गैरसमजही पसरला. राइट बंधू हे शनूट यांचे शिष्य असून त्यांच्याच खर्चाने व मार्गदर्शनाने प्रयोग करतात, असे तेथे अनेकांना वाटू लागले. वास्तविक बंधूंनी शनूट यांच्याकडून पैसे घेतलेले नव्हते आणि तोल राखण्याची पद्धत ही त्यांची स्वतःची निर्मिती होती. ही गोष्ट विल्बर यांच्या मनाला लागली, तरी त्यांनी कित्येक वर्षे ती बोलून दाखविली नाही.

राइट बंधूंनी शोधाचे पेटंट घ्यावे असा सल्ला शनूट यांनीही दिला होता. हे पेटंट १९०६ मध्ये मिळाले. त्यानंतर बंधूंनी इतर विमानकर्त्यांवर दावे लावण्यास सुरुवात केली. जानेवारी १९१० मध्ये न्यायालयाने ग्लेन कर्टिस यांच्याविरुद्ध मनाईहुकूम दिला. पंखांना पीळ देण्याची मूळ कल्पना म्युलार आणि इतर काही जणांनी आधीच मांडली होती, असे मत शनूट यांनी वृत्तपत्राजवळ व्यक्त केले. दाव्यांत शक्ती खर्च करण्यापेक्षा बंधूंनी यंत्र सुधारावे, असेही त्यांना वाटत होते. उड्डाण ही अनेक देशांतील अनेकांच्या कष्टांची सामायिक फलश्रुती आहे, अशी त्यांची धारणा होती. पूल बांधून झाल्यावर त्याची सारी माहिती प्रसिद्ध करणाऱ्या अभियंत्यांच्या परंपरेत ते वाढले होते. राइट बंधूंनी मात्र स्वतःचा पैसा आणि जीव धोक्यात घालून संशोधन केले होते आणि त्यांना त्याचे न्याय्य श्रेय व मोबदला हवा होता. एखादी कल्पना सुचणे आणि तिच्या साहाय्याने प्रत्यक्ष उडून दाखविणे या दोहोंतील अंतर त्यांनी स्वतः कापले होते. दोन्ही बाजूंची पत्रे कडवट झाली. १९१० च्या वसंतात विल्बर यांनी स्नेह तुटू नये अशी इच्छा पत्रातून व्यक्त केली. शनूट यांनी त्यास सौम्य उत्तर पाठविले आणि ते युरोपच्या प्रवासास निघाले.

अखेरचे दिवस

युरोपात शनूट आजारी पडले. अशक्त अवस्थेतच ते शिकागोला परतले. २३ नोव्हेंबर, १९१० रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. पिओरिया येथील स्प्रिंगडेल दफनभूमीत त्यांना पत्नीजवळ चिरविश्रांती देण्यात आली. विल्बर आणि शनूट यांची समक्ष भेट होऊन वाद मिटण्याची वेळ आली नाही. जानेवारी १९११ मध्ये विल्बर यांनी एका विमानविषयक नियतकालिकात श्रद्धांजलीपर लेख लिहिला. त्यात त्यांनी शनूट यांच्या ग्रंथाचे, त्यांनी इतरांना दिलेल्या उत्तेजनाचे आणि त्यांच्या सौजन्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले.

वारसा

कॅन्सस राज्यात रेल्वेच्या नाक्यावर वसलेली चार लहान गावे १८७३ मध्ये एकत्र झाली, तेव्हा त्या नगराला शनूट यांचे नाव देण्यात आले. इलिनॉय राज्यातील रँटूल येथे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या लष्करी विमानतळालाही त्यांचे नाव होते. पुढे हवाई दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र बनलेला हा तळ १९९३ मध्ये बंद झाला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विमानविद्या सन्मानदालनात त्यांचा समावेश करण्यात आला. त्यांची पत्रे आणि कागदपत्रे वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेली आहेत. राइट बंधूंच्या प्रयोगांचा क्रम आज वर्षावर्षाने सांगता येतो, तो मोठ्या प्रमाणावर याच पत्रव्यवहारामुळे.

शनूट यांच्या देखरेखीखाली उभा राहिलेला पोर्टेजचा पूल आज अस्तित्वात नाही आणि किन्झुआचा पूल अर्धाच उरला आहे. हॅनिबल पुलाची जागाही १९१७ मध्ये नव्या पुलाने घेतली. पुलांसाठी विकसित झालेली प्रॅट कैची मात्र द्विपंखी विमानांच्या रूपाने पुढे अनेक दशके वापरात राहिली. पहिल्या महायुद्धातील बहुसंख्य विमानांच्या पंखांमध्ये उभ्या दांड्यांची आणि तिरप्या तारांची हीच चौकट दिसते.